पॅरिसमधली पुस्तकांची दुकानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिसला निघालेली वाचणारी मंडळी आयफेल टॉवरच्या तिकिटांची चौकशी उरकली की लगेच पुस्तकांच्या दुकानांवर येतात. दर वेळी तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मोठ्या साखळी दुकानांबद्दल इथे काही नाही. ती शोधावी लागत नाहीत, समोर येतातच. दुकानांच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी त्या त्या दुकानाच्या संकेतस्थळावर नजर टाका.

पॅरिसमध्ये एवढी छोटी दुकानं टिकली तरी कशी?

कायद्यामुळे. फ्रेंच लोकांचं वाचनप्रेम वगैरे आहेच, पण नुसत्या प्रेमावर दुकानाचं भाडं निघत नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये फ्रान्सनं एक कायदा केला. तो तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री जाक लाँग यांच्या नावानं ओळखला जातो आणि १ जानेवारी १९८२ पासून लागू आहे. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि विक्रेत्याला तीवर फार तर ५ टक्के सूट देता येते. कोपऱ्यावरचं एकखणी दुकान असो, सुपरमार्केट असो की ॲमेझॉन, पुस्तक त्याच भावात मिळतं. ऑनलाइन कंपन्या सूटही देऊ लागल्या आणि घरपोच खर्चही माफ करू लागल्या, तेव्हा २०१४ मध्ये घरपोच पुस्तकांवरची ५ टक्के सूट बंद झाली आणि पोस्टेज पूर्ण माफ करायलाही मनाई आली. यावर ॲमेझॉननं पोस्टेज १ सेंट लावलं. सरकारनं हे बरीच वर्षं चालू दिलं आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या आतल्या मागणीवर किमान ३ युरो घरपोच खर्च घेणं बंधनकारक केलं.

प्रवाशाच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की भावावर लढता येत नसल्यामुळे इथला दुकानदार निवडीवर लढतो. कुठलं पुस्तक दर्शनी टेबलावर ठेवायचं, कुठल्या पुस्तकाला स्वतःच्या हातानं चार ओळींची चिठ्ठी लिहून चिकटवायची, कुठलं पुस्तक कितीही खपत असलं तरी आत ठेवायचंच नाही, यावर त्याचं दुकान ओळखलं जातं. ‘सगळ्यात चांगलं दुकान कोणतं?’ असं कुणी विचारलं की म्हणूनच मी उलट विचारतो, ‘तुम्ही वाचता काय?’

म्हणजे सवलत कुठेच नाही?

नव्या पुस्तकांवर त्या ५ टक्क्यांपलीकडे नाही. अप्पा बळवंत चौकातल्या सवयीनं ‘किती कमी कराल?’ असं विचारून पाहू नका. दुकानदाराच्या हातात त्याहून जास्त काही नसतं. खिशात मावणाऱ्या आवृत्त्या मात्र स्वस्त असतात. नवी कादंबरी वीस-बावीस युरोंना असली, तर काही महिन्यांनी तीच छोट्या आकारात साधारण आठ-दहा युरोंना येते.

जुन्या पुस्तकांना हा कायदा लागू नाही. त्यासाठी बुलव्हार (रुंद रस्ता) सँ-मिशेलवरच्या जिबेरमध्ये जा. जोझेफ जिबेर यांनी १८८६ मध्ये सेन नदीच्या काठावर पुस्तकं विकायला सुरुवात केली आणि दोन वर्षांनी दुकान थाटलं. आज हे काही छोटं दुकान नाही, मजल्यांवर मजले आहेत. पण एकाच फळीवर त्याच पुस्तकाची नवी आणि वापरलेली प्रत शेजारी शेजारी उभी असते. वापरलेल्या प्रतीवर चिकटपट्टी लावलेली असते, तेवढी पाहायची आणि स्वस्त प्रत उचलायची. विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत.

शनिवार-रविवार मोकळे असतील तर पंधराव्या विभागातल्या जॉर्ज ब्रासँस उद्यानाला लागून जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. एके काळी इथे व्होजिरारचा कत्तलखाना होता आणि ज्या छपराखाली घोड्यांचा बाजार भरे, त्याच छपराखाली आज पुस्तकांची टेबलं लागतात. पर्यटक इकडे फारसे फिरकत नाहीत. भाव सेनच्या काठापेक्षा बरे असतात आणि पाऊस आला तरी डोक्यावर छप्पर असतं.

‘शेक्सपिअर अँड कंपनी’ बघितलंच पाहिजे का?

बघा, पण गोष्ट नीट माहीत करून घेऊन बघा. बरेच जण नोत्र-दाम चर्चसमोरच्या दुकानात उभे राहून ‘इथेच जॉइस येत असे’ म्हणून फोटो काढतात. ते दुकान हे नव्हे.

पहिलं दुकान अमेरिकेहून आलेल्या सिल्व्हिया बीच यांनी १९१९ मध्ये काढलं आणि पुढे ते र्‍यू द लोदेआँवर (‘र्‍यू’ म्हणजे रस्ता) १२ नंबरला हलवलं. इंग्लंड-अमेरिकेत जे छापायला कुणी धजत नव्हतं ते जेम्स जॉइस या आयरिश लेखकाचं ‘युलिसिस’ त्यांनी फेब्रुवारी १९२२ मध्ये स्वतः प्रकाशित केलं. जवळच ७ नंबरला आद्रिएन मोनिए यांचं फ्रेंच पुस्तकांचं दुकान होतं. ते १९१५ सालचं, म्हणजे सिल्व्हियाबाईंच्याही आधीचं, आणि त्या काळच्या फ्रेंच लेखकांचा अड्डा होतं. त्याचं नाव पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं, हा मला अन्यायच वाटतो. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४१ साली सिल्व्हिया बीच यांचं दुकान बंद झालं आणि पुन्हा उघडलं नाही.

आजचं दुकान जॉर्ज व्हिटमन या दुसऱ्या अमेरिकनाचं. १९५१ मध्ये र्‍यू द ला ब्यूशरीवर ते सुरू झालं तेव्हा नाव होतं ‘ल मिस्त्राल’. १९६४ मध्ये त्यांनी जुन्या दुकानाचं नाव घेतलं. लेखक होऊ पाहणाऱ्या भटक्यांना इथे फळ्यांमधल्या बाकांवर झोपायला जागा मिळे. त्या बदल्यात रोज थोडा वेळ दुकानात हात लावायचा, रोज एक पुस्तक वाचायचं आणि एका पानाचं आत्मचरित्र लिहून द्यायचं. व्हिटमन २०११ मध्ये ९८ व्या वर्षी गेले. आता त्यांची मुलगी दुकान चालवते.

दुपारी बाहेर रांग लागते, म्हणून सकाळी उघडल्या उघडल्या जा. आत फोटो काढू देत नाहीत, आणि त्यामुळेच आत अजून वाचता येतं. वरच्या मजल्यावरची पुस्तकं विकायची नसतात, तिथेच बसून वाचायची असतात. विकत घेतलेल्या पुस्तकावर दुकानाचा शिक्का हवा असेल तर पैसे देताना सांगा.

सेनच्या काठावरचे हिरवे पेटारे म्हणजे नक्की काय?

ते जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांचे. या विक्रेत्यांना बुकिनिस्त म्हणतात. नदीच्या कठड्यावर बोल्टनं बसवलेले हिरव्या रंगाचे पेटारे सकाळी, कधी दुपारी, उघडतात. झाकण वर केलं की दुकान तयार. उजव्या काठावर पाँ मारी या पुलापासून लूव्रपर्यंत आणि डाव्या काठावर के द ला तुर्नेलपासून (‘के’ म्हणजे नदीकाठचा रस्ता) के व्होल्तेरपर्यंत ही रांग आहे. काठावर पुस्तकं विकण्याची रीत काही शतकं जुनी आहे. १८५९ मध्ये नगरपालिकेनं जागा ठरवून दिल्या आणि १८९१ पासून पेटारे रात्री तिथेच ठेवायची परवानगी मिळाली. त्याआधी रोज संध्याकाळी सगळा माल उचलून न्यावा लागे.

आज सव्वादोनशेच्या आसपास विक्रेते आहेत. जागेचं भाडं नाही, पण आठवड्यातून किमान चार दिवस पेटारे उघडावे लागतात. प्रत्येकाला चार पेटारे मिळतात आणि त्यातल्या एकातच किल्ल्यांचे छल्ले, चुंबकं, छोटे आयफेल टॉवर असली आठवणवस्तूंची विक्री करता येते. नियम असा आहे. काठावरून चालताना तो किती पाळला जातो ते दिसेलच.

२०२४ च्या ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा सेनवर होणार होता, तेव्हा सुरक्षेसाठी शेकडो पेटारे उचलायचा पोलिसांचा बेत होता. विक्रेत्यांनी विरोध केला. जुने पेटारे एकदा उखडले तर परत धड बसणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बेत रद्द झाला.

तिथे खरेदी करताना काय बघावं?

नोत्र-दामच्या अगदी समोरच्या पेटाऱ्यांत पर्यटकी माल जास्त असतो. थोडं लांब चालत गेलात की खरे पुस्तकवाले भेटतात. कुणाकडे नुसत्या रहस्यकथा, कुणाकडे जुनी मासिकं, कुणाकडे इतिहास. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक विचारल्याशिवाय उघडू नका. जुनी म्हणून दाखवलेली बहुतेक भित्तिचित्रं आणि नकाशे नव्यानं छापलेले असतात. घरी लावायला छान दिसतील, पण ‘अस्सल’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. दोन-तीन पुस्तकं एकदम घेतली तर ‘थोडं कमी होईल का?’ असं हसून विचारायला हरकत नाही. एका पाच युरोंच्या पुस्तकासाठी हुज्जत घालू नये. पावसात पेटारे बंद असतात.

फ्रेंच येत नाही. मग जाण्यात अर्थ आहे का?

आहे. इंग्रजी पुस्तकांची दुकानंच पुष्कळ आहेत. र्‍यू द रिव्होलीवरचं गालिन्यानी १८५६ पासून त्याच जागी आहे. लाकडी कपाटं, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही पुस्तकं, आणि कलेचा विभाग असा की तासभर सहज जावा. लुक्सेंबुर्ग बागेसमोर ‘रेड व्हीलबरो’ आहे. र्‍यू मस्यो-ल-प्रँसवर ‘सॅन फ्रान्सिस्को बुक कंपनी’ जुनी इंग्रजी पुस्तकं विकते.

माझं आवडतं मात्र र्‍यू द ला पार्शमिनरीवरचं ‘ॲबी बुकशॉप’. १९८९ पासूनचं हे कॅनडावाल्यांचं दुकान आहे. आत दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. एकानं मागे सरकावं लागतं. फळ्यांच्या पुढे ढीग, ढिगांवर ढीग, खाली तळघर, तिथेही पुस्तकं. हवं ते शोधणं अवघड, पण न मागितलेलं हाती लागणं फार सोपं. मध्ययुगात या गल्लीत चर्मपत्र करणारे आणि हस्तलिखितांची नक्कल करणारे राहत, तिचं नावही त्यांच्यावरूनच पडलं.

फ्रेंच दुकानांतही चित्रकथा, छायाचित्रं, वास्तुकला, लहान मुलांची पुस्तकं आहेत. त्यांना भाषा आड येत नाही.

दुकानात शिरल्यावर वागायचं कसं?

आधी ‘बाँजूर’. हे सौजन्य म्हणून सांगत नाही, त्यावाचून काम अडतं. न बोलता आत शिरून थेट ‘हे पुस्तक आहे का?’ विचारलंत तर समोरचा माणूस तुम्हाला उद्धट ठरवतो आणि पुढची मदत त्या मानानं मिळते. निघताना काही न घेताही ‘मेर्सी, ओ रव्हुआर’ म्हणावं. नुसतं चाळत उभं राहिलात तर कुणी हटकत नाही.

फ्रेंच पुस्तकांच्या कण्यावरचं नाव बहुधा खालून वर छापलेलं असतं, म्हणजे मान डावीकडे झुकवून वाचायचं. आपल्याला इंग्रजी आणि मराठी पुस्तकांसाठी उजवीकडे झुकवायची सवय. तासाभरानं मानच सांगते की देश वेगळा आहे.

पुस्तक भेट द्यायचं असेल तर सांगा. बरीच दुकानं कागदात बांधून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

एखाद्या विषयाला वाहिलेली दुकानं कोणती?

पॅरिसची खरी श्रीमंती इथे आहे.

सॉर्बोन विद्यापीठासमोरच्या चौकात १९११ पासूनचं व्रँ आहे, तत्त्वज्ञानाचं. नव्याबरोबर जुनी, छापणं बंद झालेली पुस्तकंही मिळतात. र्‍यू मोंमार्त्रवरच्या ‘लिब्रेरी गुर्मांद’मध्ये फक्त स्वयंपाक आणि मद्य, तिथे व्यावसायिक आचारीही पुस्तकं चाळताना दिसतात. सँ-मार्तँ कालव्यावर केशरी दर्शनी भागाचं ‘आर्ताझार’ आहे, रचनाकला आणि छायाचित्रणासाठी. आणखी वर, व्हिलेतच्या तलावाजवळच्या कालव्यात, ‘लो ए ले रेव्ह’ हे दुकान चक्क नावेत आहे. साहजिकच समुद्र, प्रवास, निसर्ग हे विषय.

र्‍यू देझेकोलवर ‘प्रेझाँस आफ्रिकेन’ आहे, आणि तिथे घाईनं जाऊ नये. सेनेगलचे आलियून दियोप यांनी १९४७ मध्ये याच नावाचं नियतकालिक काढलं, १९४९ मध्ये त्याची प्रकाशनसंस्था झाली. आफ्रिकेतल्या वसाहती अजून स्वतंत्र व्हायच्या होत्या, तेव्हा मार्टिनिकचे कवी एमे सेझेर यांच्यासारख्यांचं लेखन वसाहतवाल्यांच्याच राजधानीतून इथून छापलं जात होतं. १९५६ मध्ये सॉर्बोनमध्ये कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ती यांनीच भरवली. दुकान साधं, लहानसं आहे. आपल्याकडच्या दलित साहित्याचे वाचक इथे गेले तर त्यांना बरंच काही ओळखीचं वाटेल.

सँत-जनव्हिएव्हच्या चढावर रशियन पुस्तकांचं ‘लेझेदितर रेयुनी’ आहे. त्याच्याशी जोडलेल्या प्रकाशनसंस्थेनं डिसेंबर १९७३ मध्ये सोल्झेनित्सिनच्या ‘गुलाग आर्किपेलॅगो’चा पहिला खंड मूळ रशियनमध्ये छापला. मॉस्कोत जे छापता येणं शक्यच नव्हतं, ते या गल्लीतून बाहेर पडलं.

परागंदा होऊन आलेल्यांनी आपापली दुकानं थाटायची ही पॅरिसची जुनी रीत आहे. बुलव्हार सँ-जर्मँवरचं पोलिश दुकान १८३३ साली स्थापन झालं, रशियाविरुद्धचा उठाव फसल्यावर पोलंडमधून आलेल्यांसाठी. जपानी पुस्तकांसाठी र्‍यू दे पिरामिदवर जुंकू आणि चिनी पुस्तकांसाठी बुलव्हार द सेबास्तोपोलवर फेनिक्स आहे.

तिथे मराठी पुस्तकं मिळतील का?

मराठी पुस्तकं विकणारं दुकान माझ्या पाहण्यात नाही. पण फ्रेंचमधलं मराठी शोधलंत तर गंमत येईल. ग्यी दलरी यांनी केलेला तुकारामांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद १९५६ मध्ये युनेस्कोच्या मालेत गालिमार या प्रकाशनसंस्थेनं काढला. हे तेच दलरी, ज्यांचा विठोबाच्या संप्रदायावरचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६० मध्ये प्रसिद्ध केला. पुण्यात राहून जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे ग्यी प्वातव्हँ यांनी दया पवारांचं ‘बलुतं’ फ्रेंचमध्ये नेलं. अरुण कोलटकरांच्या काळा घोड्यावरच्या इंग्रजी कविता गालिमारच्या खिशात मावणाऱ्या कवितामालेत २०१३ मध्ये आल्या. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला फ्रेंच.

दलरींचे तुकाराम जिबेरच्या किंवा इतर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ‘भारत’ विभागात विचारा.

मुलं बरोबर आहेत, कंटाळतील का?

र्‍यू दांतवर न्या. चित्रकथांची दुकानं ओळीनं आहेत आणि टिनटिन-ॲस्टेरिक्सच्या मूर्तीही दिसतील. मूर्तींच्या किमती आधी बघा आणि मगच मुलांना आत सोडा.

एकच दिवस आहे. कसं फिरू?

सकाळी सँ-मिशेल मेट्रो स्थानकावर उतरा. आधी शेक्सपिअर, मग मागच्या गल्लीत ॲबी, तिथून र्‍यू दांत. र्‍यू देझेकोलवर प्रेझाँस आफ्रिकेन, पुढे सॉर्बोनच्या चौकात व्रँ, मग र्‍यू मस्यो-ल-प्रँसनं ओदेआँकडे. तिथे र्‍यू द लोदेआँवरच्या १२ नंबरच्या भिंतीवर ‘युलिसिस’ची पाटी आहे, ती वाचा. संध्याकाळी के व्होल्तेरवर उतरून पेटाऱ्यांच्या कडेनं चालत परत या. हे सगळं पायी होतं.

पुढचा दिवसही मोकळा असेल तर उजवा काठ: कोमेदी-फ्राँसेझसमोरचं दलामँ, गालेरी व्हिव्हिएनच्या काचेच्या छपराखाली १८२६ पासूनचं जुसोम, शेवटी गालिन्यानी. पण एका दिवसात दोन्ही काठ उरकायचा हट्ट धरू नका. दुकानांना नुसता हात लावून पुढे पळायचं असेल तर घरी बसून फोटो पाहिलेले बरे.

कोणत्या दिवसांत यावं?

रविवारी आणि सोमवारी सकाळी बरीच छोटी दुकानं बंद असतात. ऑगस्टमध्ये काही दुकानदार आठवडेच्या आठवडे सुट्टीवर जातात. ऑगस्टच्या अखेरीपासून मात्र बहर असतो. शेकडो नव्या कादंबऱ्या एकदम येतात, आणि नोव्हेंबरमध्ये गोंकूर हे कादंबरीचं मानाचं पारितोषिक जाहीर झालं की विजेत्या पुस्तकाला लाल पट्टी लागते. जूनमध्ये सँ-स्युल्पिसच्या चौकात कवितेचा बाजार भरतो. मोठ्या दुकानांत न दिसणारे छोटे छोटे प्रकाशक तंबूत स्वतः बसलेले असतात. कविता वाचणाऱ्यांनी याच सुमारास यावं.

दुकानं बंद पडताहेत असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. कायदा पुस्तकाचा भाव सांभाळतो, जागेचं भाडं नाही. सॉर्बोनच्या चौकातलं विद्यापीठीय प्रकाशनाचं मोठं दुकान गेलं आणि तिथे कपड्यांचं दुकान आलं. सँ-जर्मँचं नावाजलेलं ला ह्यून २०१५ मध्ये गेलं. सँ-मिशेल चौकातली जिबेर जनची पिवळ्या छतांची दुकानं मार्च २०२१ मध्ये बंद झाली. तिथे भेटायचं ठरवणाऱ्या पिढ्यांना ते फार लागलं. समलिंगी साहित्याचं ‘ले मो आ ला बुश’ भाड्यापायी २०२० मध्ये ‘मारे’ ही वस्ती सोडून अकराव्या विभागात गेलं, पण तगलं.

दुसरी बाजूही आहे. नगरपालिका आपल्या कंपनीमार्फत सॉर्बोनच्या भोवतालच्या लॅटिन क्वार्टर या भागातले गाळे घेऊन पुस्तकवाल्यांना परवडणाऱ्या भाड्यानं देते. २०२० च्या टाळेबंदीत दुकानं बंद ठेवायला लावली म्हणून एवढा गदारोळ झाला, की फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारनं पुस्तकांची दुकानं जीवनावश्यक ठरवली. औषधं आणि पाव यांच्या रांगेत.

हवं ते पुस्तक नेमकं कुठे आहे, हे कसं कळणार?

‘पारी लिब्रेरी’ हे शहरातल्या स्वतंत्र दुकानांचं सामायिक संकेतस्थळ आहे. नाव टाकलं की कुठल्या दुकानात प्रत आहे ते दिसतं, राखूनही ठेवता येतं. किंमत सगळीकडे तीच, त्यामुळे जवळचं दुकान निवडा. तिथे नसेल तर दुकानदार मागवून देतो, पण दोन-तीन दिवस लागतात. परतीच्या आदल्या दिवशी मागवू नका.

एवढी पुस्तकं घरी न्यायची कशी?

फ्रेंच कादंबऱ्या पातळ पुठ्ठ्याच्या, हलक्या असतात. वजन वाढतं ते कला आणि स्वयंपाकाच्या ग्रंथांचं. ते केबिन बॅगेत तळाशी ठेवा, कपडे चेक-इनमध्ये टाका. आणि जुसोम किंवा गालिन्यानीतला मोठा ग्रंथ आवडलाच, तर घेण्याआधी एकदा हातात धरून पाच मिनिटं उभे राहा. विमानतळावरच्या रांगेत तो याच हातांत असणार आहे.